आप्पांच्या नावेचा पाट

१३ एप्रिल, रविवार

सकाळी आठ जणांनी मिळून नाव काठावर ओढली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून घरामागच्या निंबाखाली आणली. अठरा फुटांची फायबरची नाव, वय वीस वर्षं. गेल्या दोन वर्षांपासून पुढच्या पाटावर पाय दिला की तो खाली दबतो. मागे एका कारागिराने भेगेत पुट्टी भरून वरून निळा रंग मारून दिला होता. दिवाळीपर्यंत भेग पुन्हा वर आली, आधीपेक्षा लांब.

आज काही कापाकापी केली नाही. पाच रुपयांचं जाड नाणं घेतलं आणि सबंध पाट बोटाबोटाच्या अंतरावर ठोकत गेलो. पाटात फायबरच्या सालीखाली प्लायवुड असतं. जिथे ते धड आहे तिथे टण्‌ वाजतं. जिथे ते कुजलं किंवा फायबरपासून सुटलं, तिथे थप्प, ओल्या मातीवर मारल्यासारखं. थप्प वाजेल तिथे खडूने खूण करत गेलो.

आप्पा बाजेवर बसून पाहत होते. म्हणाले, "काय ऐकू ऱ्हायला रे त्याच्यात?"

मी त्यांच्या हातात नाणं दिलं. त्यांनी दोनदाच ठोकलं, एकदा कडेला आणि एकदा दोर बांधायच्या खुंटीजवळ. मग नाणं परत दिलं आणि काही बोलले नाहीत. उन्हं उतरेपर्यंत निम्म्याहून जास्त पाट खडूने पांढरा झाला होता. सगळ्या खुणा त्या खुंटीपासूनच सुरू होऊन पसरल्या होत्या. चार लोखंडी स्क्रू, गंजून तपकिरी झालेले. वीस वर्षं पाणी तिथूनच आत उतरत होतं.

रात्री पडल्यापडल्या मनात आलं ते लिहून ठेवतो. आप्पांची आधीची नाव सागाची होती. हतनूरचं धरण १९८२ साली पुरं झालं. त्याआधी तापी वाहती होती आणि छोट्या डोंग्यावर भागत होतं. फुगवटा आला आणि खोल, रुंद, वाऱ्याला उघडं पाणी झालं. मग मोठी नाव करावी लागली. दर वर्षी पावसाळ्याआधी ती पालथी घालून आप्पा फटीफटीत सूत ठोसायचे आणि वरून कढतं डांबर फिरवायचे. आम्ही पोरं त्या डांबराच्या वासात वाढलो. फायबरची नाव घेतली तेव्हा सगळे म्हणाले, हिला काही करावं लागत नाही. म्हणून वीस वर्षं कोणी तिच्याकडे वाकून पाहिलंच नाही. लाकडाच्या नावेची जी सेवा आप्पांनी केली तिच्या चार आणेही हिच्या वाट्याला आली नाही. त्यात माझाच दोष मोठा, कारण नटबोल्ट कसा सडतो हे रेल्वेत फिटर म्हणून मी रोज पाहतो.

२० एप्रिल, रविवार

ग्राइंडरने पाटाची वरची साल कापली. कडेने दोन इंच जुनं फायबर ठेवलं, म्हणजे नव्याला धरायला जागा राहील. ब्लेड जेमतेम सालीपुरतंच आत जाईल इतक्या बेताने हात चालवला. साल एका बाजूने उचलली तशी ती चटईसारखी सुटून आली. खालचं प्लायवुड काळं ठिक्कर. मुठीत धरून दाबलं तर पाणी निथळलं. वास अगदी बागेत पडून सडलेल्या केळीच्या खांबासारखा.

खुंटीच्या चार भोकांभोवती तर लाकूड उरलंच नव्हतं, नुसता चहाच्या चोथ्यासारखा भुगा होता. तो खराट्याच्या काडीने टोकरून काढला. एक स्क्रू मी डबीत जपून ठेवला आहे. मधोमध खाऊन खाऊन तो सुईइतका बारीक झालाय. डोकं मात्र वरून धडधाकट दिसतं.

पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा एवढं करूनही काचेची धूळ मानेत आणि कोपरांत शिरलीच. हिने पाणी तापत ठेवलं होतं, पण गरम पाण्याने काचेचे तंतू आणखी आत जातील अशी भीती वाटली. आधी गार पाण्याने न घासता अंग धुतलं, तेव्हा कुठे झोप लागली.

आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज नावेला हात लावला नाही. माई सासरहून आली. सकाळी आजोबांच्या नावाने घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं. जेवणं झाल्यावर माई निंबाखाली गेली आणि उघड्या पडलेल्या नावेकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. लग्नाआधी ती सकाळी याच पाटावर बसून आप्पांबरोबर जाळं काढायला जायची. जाळ्यातले झिंगे ती वेचायची आणि कटला-रोहू आप्पा सोडवायचे. तिने एवढंच विचारलं, "होईल ना रे?"

कोणी म्हणतं, भंगारात दे. पण भंगारवाला फायबर घेत नाही. लोखंडाला किलोने भाव आहे, सागाची नाव मोडली तर निदान चूल तरी पेटते. फायबरचं काय करणार? ते कुजत नाही आणि जाळावं तर विषारी धूर. काठावर टाकलेल्या अशा तीन नावा मला माहीत आहेत, गाळात रुतलेल्या, पोटात पावसाचं पाणी साठलेलं. आपली नाव तशी पडू द्यायची नाही हे माझं ठरलं आहे.

४ मे, रविवार

आज पाचशे ग्रॅम रेझिन, म्हणजे फायबरचे थर धरून ठेवणारा चिकट द्रव, वाया घातलं.

आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्यात टिकणारं, बारा एमएमचं प्लायवुड आणलं, मापात कापलं, चारी कडांना रेझिन पाजून सुकवलं. इथवर सगळं ठीक. पण तोवर अकरा वाजले. सावलीतही अंग भाजत होतं. एक किलो रेझिनला ते घट्ट करणारं हार्डनर दहा ते वीस ग्रॅम असा हिशोब असतो. मी सवयीने मधला आकडा धरला. मगमध्ये ढवळून काचतंतूंच्या मॅटवर ब्रश फिरवायला घेतला तेवढ्यात मगातलं रेझिन दह्यासारखं धरलं, मग जेलीसारखं झालं. तो मग इतका तापला की हातातून सोडावा लागला. वर धूर निघाला. बादलीभर वाळूत टाकून दिला.

उन्हात रेझिन थांबत नाही. हार्डनर वाटेल तितका कमीही करता येत नाही, दहा ग्रॅमच्या खाली गेलं तर ते कायमचं मऊ राहतं. म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात दोनच गोष्टी आपल्या हातात आहेत, पहाट आणि छोटा मग.

११ मे, रविवार

साडेचारला उठलो. कंदिलाच्या जागी मोबाइलचा टॉर्च धरायला पोरगं होतं. दोनशे ग्रॅमचाच मग, त्यात दोन ग्रॅम हार्डनर, औषधाच्या सिरिंजने मोजून.

मॅट कोरडी असते तेव्हा पांढरीशुभ्र असते, पिंजलेल्या कापसाचा थर दाबून बसवल्यासारखी. रेझिन प्यायली की पांढरेपणा विरघळतो आणि खालचं प्लायवुड आरपार दिसायला लागतं. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे असं समजायचं. चरे असलेला लोखंडी रोलर तिथे हळूहळू फिरवायचा, ठिपका कडेकडे सरकतो आणि निघून जातो. घाई केली तर एकाचे दोन होतात. पोराला हे इतकं आवडलं की शेवटी टॉर्च मी धरला आणि रोलर त्याने चालवला.

जुन्या-नव्याचा सांधा मी सपाट ठेवला नाही. जुनी साल चार एमएमची आहे, ती कडेला बारा पट लांबीने, म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटरपर्यंत उतरती घासली आणि नवे थर त्या उतारावर एकावर एक चढवले. नुसती कडेला कड लावली असती तर पहिल्याच लाटेला तिथे भेग पडली असती.

सूर्य वर येईपर्यंत तीन थर झाले. शेवटच्या थरावर तापीची वाळू टाकली. आठवडाभर धुऊन, वाळवून, हिच्या मैद्याच्या चाळणीने चाळून ठेवली होती. ओल्या पायाने पाटावर उभं राहायचं तर पृष्ठभाग खरखरीत हवा. चाळणी आता नवी आणून देणं आलं.

१८ मे, रविवार

खुंटी बसवली. काम तासाभराचं, पण सगळ्यात जास्त जीव मी इथे ओतला.

बोल्ट सहा एमएमचा, पण भोक दहाचं पाडलं. ते जाडसर इपॉक्सीने, म्हणजे दगडासारख्या घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, तोंडापर्यंत भरून दोन दिवस ठेवलं होतं. आज त्याच इपॉक्सीच्या मधोमध सहाचं भोक घेतलं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. उद्या वरून पाणी शिरलंच तर ते इपॉक्सीच्या नळीतून खाली गळेल, प्लायवुडला कळणारही नाही. भोकाच्या तोंडाला थोडी खोलगट वाटी केली, त्यात पाणी अडवणारं सीलंट भरलं, खाली स्टीलची पट्टी आणि मोठे वॉशर. बोल्ट आज अर्धाच आवळला. सीलंट धरल्यावर उद्या पुरा आवळीन. आजच दाबला तर सगळं सीलंट बाहेर येईल आणि आत काहीच उरणार नाही.

२५ मे, रविवार

वल्ह्याच्या कड्या तेवढ्या उरल्या होत्या. टेपने मोजून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा केल्या आणि आप्पांना दाखवायला बोलावलं. ते नावेत चढले, मागच्या पाटावर बसले आणि हवेतच वल्हं ओढल्यासारखे हात फिरवले. उजवा हात माझ्या खुणेवर आला. डावा चार बोटं मागे गेला.

तेव्हा लक्षात आलं. जुनी डावी कडी मागेच होती. ती कारागिराची चूक असं मी इतकी वर्षं समजत होतो. आप्पांचा डावा खांदा मी शाळेत असताना बांधावरून पडून दुखावला होता, तो पुढे पुरा ताणला जात नाही. नाव घेतल्यावर कडी त्यांनी स्वतःच मागे सरकवून घेतली होती. त्यांच्या बसायच्या जागी फायबरवरही टाचेने घासून चंद्रकोरीसारखा खड्डा झाला होता. तो मी मागच्या आठवड्यात भरून टाकला, कारण उघडे तंतू पाणी पितात. भरताना हात दोनदा थांबला होता.

मी म्हटलं, "आप्पा, जुन्याच जागी लावतो."

"माह्यासाठी नको," ते म्हणाले. "आता वल्हं तुह्या हातात. आधी पाण्यात घाल, कड्या दोरीने बांध, दोन फेऱ्या मार. हात कुठी जाते ते पाय. मंग भोक पाड."

संध्याकाळी वारा पडल्यावर नाव पाण्यात घातली. कड्या नायलॉनच्या दोरीने बांधल्या. आप्पा पुढच्या नव्या पाटावर बसले, जिथे माई बसायची तिथे. चांगदेवच्या दिशेला थोडं गेलो, वळून आलो, पुन्हा गेलो. पाट दबला नाही. काठाला लागल्यावर खडू काढला. उजवी कडी टेपच्या खुणेवरच राहिली. डावी दोन बोटं मागे आली.

उद्या ड्युटीवरून आल्यावर दहाचं भोक पाडीन.