उभ्या तारेची कंपनं: तीन लांब्या, एक रेघ आणि ब्रॅकेटचा हिस्सा

पोलादी तार ताणायला किती ताठ आहे हे सांगणारा यंगचा गुणांक, तारेला टांगलेल्या वजनाच्या वरखाली कंपनांवरून मोजायचा आहे. त्याची मांडणी आता पक्की झाली आहे. भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटला ड्रिलचा चक (बिट पकडणारा जबडा) उलटा बसवलाय आणि त्यात ०.५० मिमी जाडीची स्प्रिंग स्टीलची तार आवळली आहे. तारेच्या खालच्या टोकाला छोटा चक, त्याला व्यायामाची प्लेट आणि प्लेटवर चिकटपट्टीने आडवा बसवलेला मोबाइल. टांगलेलं सगळं मिळून ५.२५ किलो. तार गाठीने अडकवू नका. गाठ ताणाखाली आवळत राहते आणि लांबी कुठून कुठपर्यंत धरायची तेच ठरत नाही. चक असला की जबड्यापासून जबड्यापर्यंत सरळ टेप लावता येतो. खाली जाड गादी आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, तार तुटली तर सपकन वर येते.

२ मीटर तारेवर हे वजन लंबकासारखं झुललं तर एका झोक्याला साधारण २.८ सेकंद लागतात. त्यात तारेच्या लवचिकतेचा जवळजवळ काहीच संबंध नाही. आपल्याला हवी ती वरखाली थरथर. तिच्यासाठी तार म्हणजे एक फार ताठ स्प्रिंग, आणि सूत्र असं (आवर्तकाल म्हणजे एका कंपनाला लागणारा वेळ): आवर्तकालाचा वर्ग = ४π² × वस्तुमान × लांबी ÷ (यंगचा गुणांक × तारेच्या काटछेदाचं क्षेत्रफळ).

प्लेटला खालून बोटाने हलकी टिचकी मारायची. डोळ्यांना काहीही दिसत नाही. पण ०.१ मिमीच्या कंपनातही प्रवेग सुमारे ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग निघतो, आणि मोबाइलच्या सेन्सरला तेवढा भरपूर झाला. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप वापरतोय. त्यातल्या प्रवेगाच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेचं कंपन किती जोराचं हे दाखवणाऱ्या आलेखात, एकच सुबक सुळका उभा राहतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा फार आनंद झाला!

इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७८ साली, वाढ भाराच्या प्रमाणात होते हा आपला नियम छापला, तेव्हा २०, ३०, ४० फूट लांब तार खिळ्याला टांगून खाली पारडं लावायला सांगितलं होतं. इतकी लांब तार अशासाठी की तिच्यातली वाढ डोळ्यांना दिसावी. माझ्या २ मीटर तारेत या वजनाने फक्त २.६ मिमी वाढ होते. ती पट्टीने नीट मोजणं अवघड, पण तारेच्या याच लवचिकतेमुळे होणारी कंपनं मोजणं अगदी सोपं. अकरावी-बारावीत तारेतली अशी बारीक वाढ मोजणाऱ्या सर्लच्या उपकरणाशी झटापट केलेल्यांना यातलं सुख लगेच कळेल.

आता आकडे. २ मीटरला ८.९ हर्ट्झ, दीड मीटरला १०.०, १ मीटरला ११.६. प्रत्येकातून थेट सूत्राने यंगचा गुणांक काढला तर अनुक्रमे १६७, १५८ आणि १४२ गिगापास्कल येतो. पोलादाचा असायला हवा २०० च्या आसपास. शिवाय तार तीच, फक्त कापून छोटी केलेली, मग गुणांक का घसरावा?

घसरतो, कारण तारेबरोबर ब्रॅकेटही थोडा वाकतो. दोन स्प्रिंगा एकाखाली एक जोडल्यासारखं ते होतं. तार जितकी आखूड तितकी ती ताठ, आणि तितका ब्रॅकेटचा वाटा मोठा. यावरचा उपाय मला या सगळ्या प्रयोगातला सर्वांत देखणा भाग वाटतो. आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि लांबी आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढायचा. तिन्ही बिंदू एका सरळ रेघेवर बसले. रेघेच्या चढात फक्त तार आहे: त्यातून गुणांक २०३ गिगापास्कल आला. रेघ शून्य लांबीला ०.००२२४ सेकंद वर्गावर अक्षाला छेदते, आणि तो सगळा ब्रॅकेटचा हिशोब. त्यातून ब्रॅकेटचा ताठपणा ९२,५०० न्यूटन प्रति मीटर निघतो, म्हणजे या वजनाखाली तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त खाली जातो. एका मोजणीतून हे दोन्ही कधीच वेगळे काढता आले नसते. निदान तीन लांब्या घ्याच.

२०३ मधला ३ मात्र मी फार मनावर घेत नाही. जाडी मोजणाऱ्या स्क्रू गेजमध्ये ०.०१ मिमीचा फरक म्हणजे जाडीत २ टक्के, आणि क्षेत्रफळात जाडीचा वर्ग असल्याने गुणांकात ४ टक्के. तार तीन-चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजा. तारेचं स्वतःचं वजन सोडून दिलं तरी चालतं: हिशोबात तिचं एकतृतीयांश वस्तुमान धरायचं असतं, ते इथे जेमतेम १ ग्रॅम.

पुढची तार पितळेची, जाडी तीच. ती पोलादाइतकी दणकट नसल्याने वजन ३.२५ किलोवर आणतोय. पितळेचा गुणांक १०० गिगापास्कल धरला आणि ब्रॅकेट आहे तसाच राहिला, तर २ मीटरला ८.३ हर्ट्झ यायला हवेत आणि रेघेने अक्ष ०.००१३९ वर छेदायला हवा. छेद दुसरीकडे गेला, तर ब्रॅकेटचा ताठपणा भारानुसार बदलतोय असं धरून आधी भिंतीतले बोल्ट तपासावे लागतील.