साखळीला बांधलेला पेला

लंडनच्या होबर्न व्हायाडक्ट या पुलावर पाऊस नुकताच उघडला होता. सेंट सेपल्कर चर्चच्या कोपऱ्यावरून मी दोनदा पुढे गेले, तरी पाणपोई दिसेना, इतकी ती लहान आहे. चर्चच्या लोखंडी कठड्यात बसवलेली, खाली दगडी कुंड आणि साखळीला बांधलेले धातूचे पेले. दगडात कोरलंय: पेला परत जागेवर ठेवा.

२१ एप्रिल १८५९ ला ही सुरू झाली. खासदार सॅम्युअल गर्नी यांनी शहरभर मोफत पाणपोया उभारायला संस्था काढली, तिची ही पहिली. आज वाटतं, पाणी तर पाणी! पण तेव्हा लंडनचं पाणी खाजगी कंपन्या विकत होत्या आणि गरिबाच्या वाट्याला येणारं पाणी बऱ्याचदा जीवघेणं होतं. १८४९ च्या पटकीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं गेली. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचं मूळ म्हणून सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं आणि त्या पंपाचा दांडाच काढून टाकला गेला. चांगलं पाणी मिळालं नाही की मजूर बिअरकडे वळायचा, म्हणून दारूबंदीवालेही या कामाच्या पाठीशी उभे राहिले. ही पाणपोई सुरू झाल्यावर दिवसाला सात हजारांपर्यंत माणसं इथं पाणी प्यायची म्हणतात. १८६७ मध्ये या पुलाच्या बांधकामासाठी तिला हलवलं, १९१३ मध्ये ती परत आली.

मी मात्र त्या पेल्यांपाशीच अडकले. आमच्या आजोळी चैत्रात पाणपोई लागायची. लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, आणि बसलेला माणूस ओगराळ्याने वरून धार धरायचा. आपण खाली वाकून ओंजळीने प्यायचं. लहानपणी त्यात गंमत वाटे. वरून धार का, भांडं हातात का नाही, हे पुढे महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाबद्दल वाचलं तेव्हा कळलं, आणि फार लागलं. इथं हमाल, कारकून, फेरीवाले एकाच पेल्याला तोंड लावत होते. त्या पेल्यातून रोग पसरतात ही भीती नंतर आली, ती खरीही होती. तरी पेला हातात देण्यातला विश्वास मला मोठा वाटतो.

१८६७ मध्येच संस्थेने जनावरांच्या हौदांचंही काम नावात घेतलं. गाडीच्या घोड्यांसाठी बांधलेल्या त्या लांबट ग्रॅनाइटच्या हौदांत आता बऱ्याच ठिकाणी फुलझाडं लावलेली दिसतात.

दुपारी रीजंट्स पार्क गाठलं, मुद्दाम एका मुंबईकरासाठी. ब्रॉड वॉकवरची उंच, निमुळती, संगमरवर आणि लाल ग्रॅनाइटची पाणपोई १८६९ मध्ये कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिली. इंग्रजी राज्यात पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून, असं तिथं लिहिलंय. ते वाचताना माझ्या मनात कालवाकालव झाली. पण फोर्टात विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहावर ज्यांचं नाव वाचत मोठी झाले, ते इतक्या दूर अनोळखी माणसाची तहान भागवायला उभे होते, याचा अभिमानही दाटून आला.

दगडात एका बाजूला सिंह कोरलाय, दुसरीकडे ताडाखाली बैल. वशिंडाचा, अगदी आपला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

‘‘अगं, फोन जवळ ने ना,’’ आई म्हणाली, ‘‘वशिंड नीट दिसू दे.’’