जिवाचा नांगर

नीरा नदीचा पूल ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात शिरली तेव्हा माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता. तीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला, पहिल्याच दिवशी. नवी चप्पल घालून वारीला येऊ नका, असं आदल्या रात्री वाल्ह्याच्या मुक्कामात दिंडीतल्या बायकांना बजावणारी मीच होते. अक्का म्हणाल्या, "डाक्टरचीच बायको बाळंतपणात अडली म्हणायची."

अक्का म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या शेजारीणबाई. एकोणीस वर्षं वारी करतात. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, माझ्या गळ्यात बारीकसा क्रूस, आणि आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एकच कढीपत्त्याचं झाड. यंदा ज्येष्ठात त्यांनी परस्पर माझी दिंडीची भिशी भरली आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, "लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. आपल्या जिल्ह्यापुरती चल. पुढचं पंढरपूर माझं मी बघते. बायकांच्या पायांना पट्ट्या बांधायला कुणीतरी लागतंच."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या दिवसांत नाही म्हणण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती, ही खरी गोष्ट.

आमचे हे डिसेंबरात गेले, नाताळाच्या आठ दिवस आधी. अडीच वर्षं डायलिसिस चाललं होतं. आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा. त्या अडीच वर्षांत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी केलेल्या प्रार्थना मोजल्या तर वही भरेल. मीही केल्या. मूत्रपिंड एकदा गेलं की काय होतं हे मला पाठ होतं, तरी केल्या. ते गेल्यावर लोक भेटायला यायचे आणि सांगायचे, देवाची योजना असते, आशा सोडू नका, विश्वासात खंबीर राहा. वाईट हेतूने कोणी बोललं नाही. पण आशा सोडू नका असं ज्याला सांगतात त्याच्या हातात आशा आहे की नाही, हे आधी कोणी तपासत नाही. मी रविवारी उपासनेला जायची, गीताच्या पुस्तकाचं पान उघडायची आणि ओठ हलवायची. आवाज नाही. रडू येणंही थांबलं होतं. मला वाटलं, सावरलो आपण.

वारीला जाते म्हटल्यावर मंडळीतल्या एक-दोघांनी नाक मुरडलं. पाळकसाहेबांनी मात्र मला बसवून रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण दिली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक आयुष्याच्या शेवटी आमच्याच साताऱ्यात येऊन राहिले होते आणि १९१७ साली त्यांनी इथे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पाळकसाहेब म्हणाले, "पूल आहे, तर त्यावरून लोक दोन्ही बाजूंनी चालणारच. तुमचा क्रूस गळ्यात आहे ना? मग जा." वर त्यांनी बीटाडीनच्या चार बाटल्या मंडळीच्या खर्चाने घेऊन दिल्या. माझ्या दृष्टीने ते प्रवचन जास्त चांगलं होतं.

तर नीरा. नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी काठावर हात जोडून उभी होते. दर्शनाच्या रेटारेटीत गेले नाही. अक्कांनी आग्रहही केला नाही. त्यांनी ओल्या हाताने माझ्या डोक्यावर चार थेंब उडवले आणि पुढे निघाल्या. या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप देणारे हैबतबाबा आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. साताऱ्यात जन्म काढला, पण आषाढात हे रस्ते माझ्यासाठी फक्त एसटी उशिरा येण्याचे रस्ते होते.

लोणंदला एका घराच्या ओसरीवर जेवायला बसलो. घरच्या बाई एकेका भाकरीचे दोन तुकडे करून हातात देत होत्या, वर पिठलं, ठेचा. माझा क्रूस त्यांना दिसला. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "मिरच्या चालतील ना?" एवढंच. इथे मला प्रभुभोजनाची भाकर आठवली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला त्या वेळी आठवलं ते एवढंच की पिठल्यात मीठ कमी आहे आणि टाच ठणकते आहे.

लोणंद ते तरडगाव टप्पा लहान. वाटेत चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही कडांना पताका घेऊन माणसं उभी, मधून दोन अश्व धावत येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी नसतं. तो रिकामा घोडा माउलींचा. घोडे निघून गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. मी माती उचलली नाही. पण रिकाम्या खोगिराकडे हजारो माणसं कोणीतरी बसलंय अशा नजरेने बघत होती, आणि मी घरातल्या रिकाम्या खुर्चीकडे सहा महिने कसं बघत होते, ते मला आठवलं.

तरडगावच्या मुक्कामात राहुटीबाहेर बादली आणि पाट घेऊन बसले. टेम्पोच्या दिव्याचा उजेड. रांग लागली. वारीतल्या पायांवर मी वेगळं लिहू शकेन: फोड, भेगा, कुरूपं, आणि पावसाने बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या. फोड फोडायचा नाही, वरची कातडी ओढायची नाही, स्वच्छ धुऊन सैल पट्टी. बायका पाय पुढे करायला लाजत, "शिस्टर, तुमी कशाला हात लावता पायाला," म्हणत. पाय धुणं मला नवं नव्हतं. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. मिरजेला, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात शिकताना तो अध्याय आम्हाला औषधांच्या मात्रांइतकाच पाठ होता.

रांगेत शेवटी एक बाबा आले. पाटणकडचे. पासष्टीचे असतील. डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू धरलेला.

"बाबा, कधी मोडला?"

"काय म्हाईत. दुखत न्हाय."

"साखर आहे?"

"हाय की. गोळी घेतो."

साखरेच्या रोग्याचा न दुखणारा पाय म्हणजे काय, हे मी त्यांना जरा रागानेच सांगितलं. दुखतं तोवर पाय आपला असतो. दुखणं थांबलं की रोज रात्री डोळ्यांनी तपासायचा, हाताने चाचपायचा, घरच्यांना बघायला लावायचा. काटा निघाला, जखम धुतली. उद्या फलटणला डॉक्टरांना दाखवायचं, तोवर टेम्पोत बसायचं, असं दटावलं. पट्टी बांधता बांधता ते बोलत होते. भात टाकून आले होते, धूळवाफेवर. म्हणजे पाऊस यायच्या आधी, कोरड्या मातीत. बियाणं उधारीचं.

"आणि पाऊस नाही आला तर?"

"आला न्हाई तर न्हाई. पर त्यो आल्यावर पेराय गेलं तर वाफसा कधी मिळायचा?"

मग त्यांनी फोन लावून घरी विचारलं, "आला का?" तिकडून नाही म्हणाले असणार. "बरं," म्हणून फोन ठेवला.

त्या रात्री राहुटीत झोप लागेना. लहानपणचं एक आठवलं. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की आशा हा जिवाचा नांगर आहे, स्थिर आणि अढळ. तो नांगर जहाजाचा. पण कोरेगावकडच्या पोरीने जहाज कधी पाहिलेलं? मला नांगर माहीत होता तो मामाच्या शेतातला, बैलांच्या मागचा. संडे स्कूलमध्ये चित्र काढायला सांगितलं तेव्हा मी आकाशाला भिडलेला लाकडी नांगर काढला, खाली काळी ढेकळं. बाई हसल्या आणि बंदरातलं जहाज काढून दाखवलं. तेव्हापासून मी आशेचा अर्थ तोच धरला: वादळात आपल्याला जागचं हलू न देणारी वस्तू. डिसेंबरनंतर मी अगदी तशीच जागच्या जागी रुतून बसले होते. तरडगावात पहिल्यांदा वाटलं, माझं चित्र अगदीच चुकीचं नव्हतं. पत्र लिहिणाऱ्याला जहाजच म्हणायचं होतं, हे मान्य. पण मराठीने दोन्हींना एकच शब्द ठेवलाय, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशीचा फलटणचा टप्पा मोठा, वीसेक किलोमीटरांचा. काळज, निंभोऱ्याचा ओढा, वडजल. पुढे टाळ, मागे टाळ, आणि मधे अक्का आणि मी. अक्कांचा मोठा मुलगा बारा वर्षांपूर्वी गेला. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. वडजलच्या अलीकडे त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्या पुस्तकात कुणी चालतंबिलतं का गं?"

मी अम्माऊसची गोष्ट सांगितली. लूककृत शुभवर्तमान, चोविसावा अध्याय. येशूला क्रूसावर देऊन तिसरा दिवस. दोघे जण यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाला निघालेत, अंतर अकरा-बारा किलोमीटर. तोंडं उतरलेली. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत होतो. ते त्याला सांगतात, इस्राएलाला सोडवणारा तो हाच, अशी आमची आशा होती. होती. तो अनोळखी माणूस म्हणजे येशूच, पण त्यांना कळत नाही. संध्याकाळी ते त्याला आग्रहाने ठेवून घेतात, तो भाकर मोडतो, तेव्हा ओळख पटते, आणि तो दिसेनासा होतो.

"आणि मग ते दोघं?"

"त्याच रात्री परत यरुशलेमला गेले. बाकीच्यांना सांगायला."

"एवढं चालून? जेवले तरी का?"

हे कोणी विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. शास्त्रात लिहिलेलं नाही. अक्का बराच वेळ गप्प चालल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे सोबत होता तेव्हा कळलं नाही." माझ्याशी बोलल्या की स्वतःशी, कोण जाणे. मला मात्र तेव्हा, पूर्ण दोन दिवस उशिराने, लोणंदच्या त्या बाईंचे भाकरी मोडणारे हात आठवले. आणि रस्त्यातच रडू फुटलं. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. कोणी विचारलं नाही. शेजारच्या म्हातारीने फक्त माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुढे फलटणपर्यंत मी अक्कांना एकशे सव्विसावं स्तोत्र म्हणून दाखवलं. यरुशलेमच्या यात्रेला चढून जाताना म्हणायच्या पंधरा स्तोत्रांतलं ते एक. रडत पेरणारे हर्षाने कापणी करतील, असं त्यात आहे. आवाज चिरकला होता, पण आवाज होता.

फलटणला डॉक्टरांनी बाबांचा पाय बघून गोळ्या दिल्या. बरडला मी परत फिरले. पालखी सकाळी नातेपुत्याकडे निघाली, अक्कांनी पाठीवर थाप मारली, आणि मी लंगडत एसटी गाठली. बाबांना माझा नंबर दिला होता, पायासाठी.

एकादशीनंतर आठवडाभराने फोन आला.

"शिस्टर, काट्याची जागा भरली बगा."

"रोज बघताय ना तळवा?"

"नात बगती."

"आणि भात?"

"शिंतोडं पडलं, उगवलं आन् जळलं." थोडा वेळ थांबले. "काल दुबार टाकलं."

बियाणं कुठून आणलं, मी विचारलं. मग ते बियाण्याचा भाव, दुकानदाराची उधारी आणि मेव्हण्याने दिलेल्या दोन पिशव्या असं बरंच सांगत राहिले. मी खुर्ची ओढून बसले आणि ऐकत राहिले. ती यांचीच खुर्ची होती, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.