तुम्ही विचारलंत म्हणून : पंखा फिरला, मत फिरलं का?

पुण्याचे नातेवाईक जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा असे आमच्याकडं बीडला येतात. बालाघाटावरच्या पवनचक्क्या त्यांना वाटेतच दिसतात, आणि चहा संपायच्या आत प्रश्न येतो. एवढ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, माळरानं सोलरनं भरली, संभाजीनगरजवळ बिडकीनला विजेवरच्या गाड्यांचे कारखाने येणार म्हणतात, तर लोक त्याकडं बघून मत देतात का? मी 23 वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला आणि बऱ्याच निवडणुकांना केंद्रावर ड्युटी केली, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो.

नोकरीकडं बघून देत नाहीत. नोकरी गावात तेवढी आलेलीच नाही.

पवनचक्की उभी राहताना गावात लगबग असते, ती खोटी नाही. मुरूम, खडी, पाण्याचे टँकर, जेसीबी, कामगारांची मेस. कुणाचा ट्रॅक्टर लागतो, कुणाच्या घराला भाडं मिळतं. क्रेनवरची माणसं बाहेरची असतात. काही महिन्यांत पाती चढतात आणि सगळं सामसूम होतं. मागं राहतो दहाबारा टॉवर मिळून मोटारसायकलवर फिरणारा टेक्निशियन आणि खाली खुर्ची टाकून बसलेला वॉचमन. सोलरला तर त्याहून कमी हात लागतात: पॅनल धुवा, गवत काढा, राखण करा. मी हाताखालून काढलेली चांगली पोरं या कामात आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. पण त्यातला एक कच्छला टॉवरवर चढतो, दुसरा जैसलमेरकडं आहे. दोघांचं मतदान इथल्या गावात. 2024 च्या नोव्हेंबरात दोघंही आले नाहीत, सुट्टी मिळाली नाही. त्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडत होत्या. कामासाठी माणूस बाहेर जाणं आम्हाला नवीन नाही, फक्त आता हातात कोयत्याऐवजी पाना आहे.

मग मत कशावर पडलं? 2024 च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या 8 जागांपैकी महायुतीला एकच मिळाली, बीडचा निकाल 6,553 मतांनी लागला. त्या उन्हाळ्यात मी आरक्षण ऐकलं, सोयाबीनचा भाव ऐकला, पवनचक्की एकाच्याही तोंडून ऐकली नाही. सहा महिन्यांनी विधानसभेला वारं उलटं फिरलं. मधल्या काळात बायांच्या खात्यात 1,500 रुपये आले होते आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ झालं होतं. डोंगरावरचे पंखे दोन्ही वेळा तेच होते.

अमेरिकेत हाच प्रश्न मोठ्या आकड्यांत विचारला गेला. 2022 साली तिथं स्वच्छ ऊर्जेला करसवलती देणारा मोठा कायदा झाला. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही खासदारानं त्याला मत दिलं नव्हतं, तरी गुंतवणुकीचा मोठा वाटा त्यांच्याच मतदारसंघांत गेला. सौर पॅनलचा कारखाना आलेलं जॉर्जिया राज्य 2024 ला ट्रम्प यांच्याकडंच गेलं. कारखान्याकडं बघून मतदार हलला नाही, पण निवडून आलेले थोडे हलले. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच पक्षाच्या 18 खासदारांनी आपल्या सभापतींना पत्र लिहिलं, की या सवलती सरसकट काढू नका. पुढं जुलै 2025 मध्ये त्या बऱ्याच छाटल्या गेल्या, ती गोष्ट वेगळी.

मला वाटतं, इथंही तसंच आहे. प्रकल्पाचा पैसा मत देणाऱ्यापेक्षा मत मागणाऱ्याला जास्त हलवतो. जमीन कुणाची जाणार, दलाल कोण, मुरूम कुणाचा, गाड्या कुणाच्या, हे ठरवणारी माणसं निवडणुकीत बूथ सांभाळतात. आणि हे कुठवर जातं तेही आम्ही बघितलं. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यात एका पवनऊर्जा प्रकल्पाच्या वॉचमनला मारहाण झाली, म्हणून मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचं अपहरण करून त्यांना मारून टाकलं. कंपनीकडं 2 कोटींची खंडणी मागितल्याचं प्रकरण तपासात त्याला जोडलं गेलं, मार्चमध्ये राज्याच्या एका मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे निघाले. मी बीडच्या मोर्चात होतो. माझ्या पुढं चालणारी पोरं आयटीआय झालेली होती, हे मला त्यांच्या गप्पांवरून कळत होतं. पवनचक्कीच्या खुर्चीवर बसायची नोकरीसुद्धा जीव मुठीत घेऊन करायची का, असं त्यातला एक जण म्हणाला. माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

एका ठिकाणी मात्र मला मत हलताना दिसतं, आणि ते नोकरीच्या वाटेनं नाही. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, साप-विंचवाची भीती, थंडी, आणि घरात बाई जागी. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सब-स्टेशनजवळ सोलर उभं करून शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज देतात. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ज्याचं शेत सोलरच्या कुंपणापलीकडं आहे आणि वाट बंद झाली, तो यावर रागावलेला असतो, तेही खरंच आहे.

माझ्या चुलतभावाच्या गावाला हे फीडर मागच्या वर्षी सुरू झालं. हिवाळ्यात गेलो तर सकाळी दहा वाजता मोटार चालू, भाऊ गव्हाला पाणी देत होता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, लग्न झाल्यापासून हा पहिला हिवाळा झोपले मी." मी विचारलं, मग आता मत ही दिवसाची वीज आणणाऱ्यालाच का? भाऊ म्हणाला, "कुणी आणली तेच कळंना, सगळेच मीच आणली म्हणायलेत."

चार दिवसांनी एक पुढारी मतं मागायला दारात आले. सोबतच्यानं पाव्हण्यारावळ्यांची ओळख काढायला सुरुवात केली. भावानं त्याला थांबवलं आणि पुढाऱ्यांना विचारलं, "डीपी, शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर किती दिवसांत देणार?"

"बघू, करू काहीतरी."

आतून वहिनी बाहेर आल्या. "बघू नका, तारीख सांगा."