खो द्यायचा म्हणजे नेमकं काय?

आज बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या पदवीच्या) वर्गात खो-खोचा पाठ. राज्य पातळीवर खेळलेली पोरगी शिकवायला उभी राहिली आणि अडलीच! मैदानात वीज, पण 'खो कसा देतेस?' याला उत्तर नाही. मग तिला सावकाश खो द्यायला लावला. बाकीचे फक्त तिचे पाय बघत होते. हात लावायच्या आधीच ती गुडघे वाकवून वेग मोडते, हे तिलाही तेव्हाच कळलं. पाठीमागून स्पर्श आणि 'खो' एकदमच, बसलेल्याने त्याआधी उठायचं नाही, हे नियम सगळ्यांना पाठ. एकजण मात्र गुरुत्वमध्य समजावत सुटला. अरे, समोर सहावीची पोरं असणार! उद्या शाळेत सरावपाठ आहे. दोन सूचना, मग थेट खेळ, असं बजावलंय. बघू.