पुस्तक कुठे आंबतं?

२१ जुलै, रात्री साडेदहा

काल जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरून झालं एकदाचं. आज ऑफिसातून सहाला निघाले. पाऊस असा लागून राहिलाय की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं, आणि मी घरी येऊन केस पुसता पुसता पहिलं काम काय केलं तर सोफ्यावरचं कथांचं पुस्तक उचलून पान ११८ उघडलं, उभ्या उभ्याच, चहा नंतर ठेवला. गेल्या वर्षी याच दिवसांत मी ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हटलेलं आठवतंय, माझं वाचन सुटलं गं, आता काही होत नाही. तेव्हा खरंच तसं वाटत होतं. म्हणून आज सगळं लिहून ठेवते, पुन्हा कधी सुटलं तर माझं मलाच वाचायला होईल.

कॉलेजात असताना मी सावानाची मेंबर होते. सार्वजनिक वाचनालय, नाशिक, १८४० सालचं, आणि तेव्हा त्या १८४०चं काही वाटायचं नाही, आता वाटतं की आपल्या पणजोबांच्या आधीपासून लोक तिथे पुस्तक बदलायला येतायत. शनिवारी पुस्तक घ्यायचं आणि बुधवारी परत, मधे आई ओरडायची की जेवताना तरी खाली ठेव. मग नोकरी, लग्न, लेक, अंबडच्या कंपनीत अकाउंट्स, आणि वाचन कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. एकदम जात नाही ना ते. आधी रात्रीचं जातं, मग रविवारचं, मग दिवाळी अंक नुसते चाळणं उरतं आणि मग तेही रद्दीत जाताना दिसतात.

२०२१च्या डिसेंबरात आपल्या नाशकात ९४वं साहित्य संमेलन झालं, आडगावला, तिथून मी अकरा पुस्तकं आणली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी आले तेव्हा इतका आनंद झाला होता! त्यातली दोन वाचून झाली. बाकीची नऊ टीव्हीखालच्या कप्प्यात, आणि दर दिवाळीला साफसफाईत त्यांच्यावरची धूळ पुसताना पोटात कसंतरी व्हायचं.

मग मी ठरवलं की आता शिस्तीत करायचं. एक जानेवारीला एक्सेल शीट केली, वर्षात ५२ पुस्तकं, आठवड्याला एक, पुढे पानांचा कॉलम, टक्केवारी, सगळं. अकाउंट्सवाल्या माणसाला तक्ता दिसला की बरं वाटतं. फेब्रुवारीपर्यंत माझं मलाच कळून चुकलं की मी पुस्तक निवडताना आधी जाडी बघतेय. शंभर पानांच्या आतलं असेल तर घ्यायचं, कारण आठवडा संपत आलाय. आणि वाचतानासुद्धा डोळा पानाच्या नंबरवर, गोष्टीवर नाही. मार्चमध्ये इयर एंडिंग आलं, शीट उघडलीच नाही, आणि एप्रिलमध्ये मागे पडलेले सगळे आठवडे लाल रंगात बघितल्यावर पुस्तकाचीच भीती वाटायला लागली. डिलीट केली ती. नोकरीत रोज टार्गेट, पोरीच्या शाळेत टार्गेट, आणि जे एक काम मी दहाव्या वर्षापासून नुसतं आवडतं म्हणून करत होते त्यालाही मी टार्गेट लावलं, हे माझं चुकलंच.

पण खरी अडचण दुसरीच होती आणि ती सापडायला मला आईपर्यंत जावं लागलं.

आमच्या घरी येवल्याला ताटात घेतलेलं टाकायचं नाही हा नियम. नावडती भाजी असो, मीठ जास्त पडलेलं असो, घेतलंस ना, मग संपव. मी पुस्तकांनाही तोच नियम लावत आलेय हे मला चाळिशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं. संमेलनातून आणलेल्यांपैकी एक जाडजूड कादंबरी होती, सगळ्यांनी नावाजलेली, ती मी ८४व्या पानापर्यंत वाचली आणि अडकले. पुढे सरकेना. आणि ती संपत नाही तोवर दुसरं हातात घ्यायचं नाही! आठ महिने ते पुस्तक उशाशी होतं. आठ महिने मी रोज रात्री त्याच्याकडे बघून फोन उचलला आणि बारा वाजेपर्यंत रील्स बघितली. म्हणजे नावडतं पुस्तक सोडलं नाही आणि त्यापायी सगळी आवडती पुस्तकं सोडली.

त्यात डोळे. रात्री वाचायला घेतलं की दहा मिनिटांत डोकं जड व्हायचं, ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागायची. मला वाटायचं एकाग्रता गेली, मोबाईलने मेंदू बिघडला, वय झालं. एक दिवस औषधाच्या स्ट्रिपवरची तारीख लेकीने वाचून दिली तेव्हा ट्यूब पेटली. चष्म्याच्या दुकानात गेले, त्याने पुस्तक हातात दिलं तर मी हात लांब करूनच धरलं, तो हसला आणि म्हणाला, मॅडम, चाळिशी. सव्वाचा नंबर निघाला. घरी येऊन तेच ८४वं पान उघडलं आणि अनुस्वार दिसले. खरंच, मी इतके दिवस अनुस्वारांशिवाय मराठी वाचत होते, अंदाजाने, आणि त्या अंदाजाचाच सगळा शीण येत होता. चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, आपल्या भाषेत तर त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, तरी मी स्वतःला आळशी ठरवून बसले होते. चाळिशीच्या पुढच्या कुणी मला म्हटलं ना की हल्ली वाचवत नाही, तर मी आधी विचारते, डोळे कधी तपासले होते?

आता आईचं. गेल्या नोव्हेंबरात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत ड्रॉप्स, काळा चष्मा, आणि वाचायच्या चष्म्याचा नंबर महिना-सव्वा महिन्यानंतरच मिळणार म्हणाले. आईला रोज दुपारी काहीतरी वाचायची सवय, पेपर तरी. चौथ्या दिवशी फोनवर म्हणाली, दिवस खायला उठतो गं. मी म्हटलं, मी वाचून दाखवू का? असंच बोलून गेले. रात्री साडेनऊला फोन स्पीकरवर ठेवला, तिकडे तिने, इकडे मी, आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे काढली. ती का, तर एक म्हणजे लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्याच, जलालपूरच्या, त्यामुळे आईला सगळी गावं ओळखीची, आणि दुसरं म्हणजे ते आत्मचरित्र तुकड्यातुकड्यानेच लिहिलंय, आठवणी येतील तशा, १९३४पासून चार भागांत आलं, एक प्रसंग दहा-बारा मिनिटांत संपतो. शाळेची पायरी न चढलेली बाई, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली, आणि लिहिते कशी तर समोर बसून बोलल्यासारखी. मोठ्याने वाचायला त्याहून सोपं मराठी मला अजून सापडलेलं नाही.

पहिल्या रात्री लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं आलं, त्या बाहेरून आलेलं सगळं धुऊन घेण्याचं. आई इतकी हसली की ड्रॉप्स घातलेत, हसू नकोस, असं मला म्हणावं लागलं. मग म्हणाली, थांब, ते परत वाच. तिच्या आत्याचं असंच होतं म्हणे, आणि मग वीस मिनिटं आत्या. वाचन दहा मिनिटं, आत्या वीस मिनिटं. मला ही आत्या माहीतच नव्हती!

दुसऱ्या दिवशी सव्वानऊलाच तिचा मिस्ड कॉल.

सवय लागली ती अशी. पलीकडे कुणीतरी वाट बघतंय म्हटल्यावर मला कंटाळा करताच येईना. रोज आठ-दहा पानं व्हायची. आणि गंमत म्हणजे तिच्यासाठी वाचून फोन ठेवला की मला माझं वेगळं वाचावंसं वाटायचं, जीभ सुटल्यासारखी, डोळे सुटल्यासारखे. तेव्हा मी त्या ८४व्या पानाची तक्रार आईकडे केली. म्हटलं, अर्धं टाकवत नाही, तूच शिकवलंयस. आई एक क्षण गप्प. मग म्हणाली, अगं ताटातलं टाकू नये कारण ते आंबतं, वाया जातं. पुस्तक कुठे आंबतं? झाकून ठेव, दुसरं खा, भूक लागली की बघ परत.

मी त्याच रात्री ते पुस्तक उशाखालून काढून कप्प्यात ठेवलं आणि दुसरं घेतलं. तेव्हापासून मी तीसएक पानं देते, नाही रुचलं तर झाकून ठेवते. त्यातलं एक, प्रवासवर्णन होतं, दोन वर्षांपूर्वी अजिबात नको झालेलं, ते मे महिन्यात दोन दिवसांत वाचून काढलं. पुस्तक तेच, माझीच तेव्हा त्याची भूक नव्हती.

हो, पण वेळ कुठून काढतेस, असं ऑफिसात विचारतात. मुंबईच्या लोकांचं बरं आहे, लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाचता येतं, आम्ही अॅक्टिव्हावाल्यांनी काय करायचं. हेडफोन लावून गाडी चालवायची नाही, हे माझं पक्कं. पोळ्या लाटताना ऑडिओबुक ऐकून बघितलं, आधी वाचलेलं असेल तर फार छान वाटतं, नवीन कादंबरी असली तर कुकरच्या शिट्टीत नेमकं कोण मेलं तेच निसटतं. त्यामुळे ऐकणं फक्त ओळखीच्या पुस्तकांचं.

मला जमलं ते असं की मी महिना बघून वाचते. ७ला टीडीएसचा कर भरायचा, ११ला जीएसटीआर-वन आणि २०ला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्न्स, आमच्या कामाचा महिना याच तारखांवर चालतो आणि आधी मी दर महिन्याच्या एक तारखेला उत्साहाने कादंबरी सुरू करायचे, पाचला ती तुटायची, पात्रांची नावंसुद्धा विसरायला व्हायची. आता २०पर्यंत फक्त कथा, ललित, पत्रं, कविता, एका बैठकीत संपेल असं. कादंबरी २१नंतर. या महिन्यात ३१ला तिमाहीचं टीडीएस रिटर्नही आहे म्हणून कादंबरी दोनशे पानांचीच घेतलीय. बऱ्याच जणांच्या कामाला अशा भरती-ओहोटीच्या तारखा असतात, शिक्षकांना पेपर तपासायचे दिवस, शेतकऱ्याला पेरणी, त्या ओळखून पुस्तक निवडलं तर अर्धा त्रास वाचतो.

बाकी मग छोटं छोटं. लेकीच्या क्लासबाहेर मंगळवार-गुरुवार पाऊण तास, तिथे आधी आम्ही सगळ्या आया फोन बघत उभ्या असायचो. आता माझ्या डिकीत रेनकोटशेजारी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक कायम असतं. परवा दुसऱ्या एका आईने विचारलं, काय वाचताय, आणि आज तीही एक घेऊन आली. फोन रात्री साडेनऊनंतर फ्रिजवर, चार्जिंगला, उठून जावं लागेल असा. पुस्तक मात्र हाताशी, सोफ्यावर एक, उशाशी एक. लपवून ठेवलेलं वाचलं जात नाही, डब्यातला लाडू तरी कुठे आठवतो समोर नसेल तर. आणि मी भराभर वाचायच्या नादी लागत नाही. अर्ध्या तासात माझी बारा-पंधरा पानं होतात, कधी सहाच. रोजची बारा धरली तरी महिन्याची ३६० होतात, म्हणजे आज हातात आहे तशी जवळपास पावणेदोन पुस्तकं, आणि हा हिशोब मी फक्त आज लिहिण्यासाठी केलाय, शीट उघडलेली नाही. वहीत मात्र दर पुस्तकातली एक ओळ उतरवते, हाताने, तारखेसकट. तेवढंच.

पुस्तकं आणायचाही प्रश्न मिटलाय. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ग्रंथ तुमच्या दारी योजना आहे ना, २००९पासूनची, त्यातली एक पेटी आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आलीय. शंभरएक पुस्तकं, आसपासचे तीसेक जण मिळून वाचतात आणि काही महिन्यांनी ती पेटी दुसरीकडे जाते, दुसरी आपल्याकडे येते. मोफत. वाचणाऱ्याने पुस्तकापर्यंत जायचं, तर इथे पुस्तकच जिना चढून आलंय. काकूंकडे पुस्तक बदलायला गेलं की पाच मिनिटं दारातच गप्पा होतात, हे आवडलं का, ते कसं होतं, माझ्याकडे ते दोनशेव्या पानाशी रेंगाळलंय. त्या चवथ्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्या आधी वाचलेल्या पुस्तकात बसचं तिकीट ठेवलेलं निघतं, खूण म्हणून, प्रत्येक वेळी. त्यावरून मला कळतं ते कुठे थांबले होते.

रविवारी पेटी बदलणार आहे म्हणून काकूंनी निरोप दिलाय की असेल ते आणून द्या. माझ्याकडे दोन आहेत. एक हे हातातलं, आत्ता १३२व्या पानावर आहे, होईल शनिवारपर्यंत. दुसरं आईसाठी नेलं होतं, तिला आता नवा चष्मा आलाय, स्वच्छ दिसतं, आपलं आपण वाचते. तरी काल थ्रीबीच्या गडबडीत मी साडेनऊचा फोन विसरले तर पावणेदहाला तिचाच आला. म्हटलं, आई, तुला आता दिसतंय ना? म्हणाली, दिसतंय की. पण वाच तू.