हेमकुंड साहिब: ‘फक्त ६ किलोमीटर’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

हेमकुंड साहिब म्हणजे उत्तराखंडातलं, डोंगरातल्या तळ्याकाठचं शिखांचं तीर्थस्थान; चढाई सुरू होते ती घांघरिया गावातून. ‘घांघरियाहून फक्त ६ किलोमीटर, आरामात होतं,’ असं सांगणारा खेचरावर बसून गेला होता असं खुशाल समजा. त्या ६ किलोमीटरांत हजार मीटरहून जास्त चढ आहे आणि तळं चार हजार मीटरच्या वर. राजगड-तोरणा करणाऱ्यांचीही इथे फेफे उडते. पाय तयार असतात, दम पुरत नाही.

सगळ्यात वाईट शेवटचा टप्पा. वळणावळणाच्या वाटेवर पाऊस आणि लीद यांचा राडा झालेला असतो. तिथूनच दगडी पायऱ्यांचा शॉर्टकट फुटतो. पायऱ्या हजाराच्या वर, त्यातल्या काही गुडघ्याएवढ्या. अंतर वाचतं, पण दर वीस पायऱ्यांनी थांबावं लागतं, म्हणजे वेळ तेवढाच. मोठ्या वाटेनेच जा. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही.

ढग भरून आल्यावर आम्हाला खेचराचा दर थेट दुप्पट सांगितला गेला. वर ‘अभी तो असली चढाई बाकी है’ हा दमही. खेचर किंवा पिट्ठू (पाठीवर वाहून नेणारा माणूस) हवा असेल तर सकाळीच, प्रीपेड काउंटरवर पावती फाडून.

जुनं बांधकाम बघायला जाणार असाल तर निराश व्हाल. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये आपल्या नांदेडला देह ठेवला. हेमकुंड ही त्यांच्या मागच्या जन्मातल्या तपाची जागा मानली जाते. ‘बचित्तर नाटक’ या त्यांच्या आत्मकथनपर काव्यात तपाच्या जागी सात शिखरांचा उल्लेख आहे, त्यावरून संत सोहनसिंगांनी १९३४ मध्ये हे तळं शोधलं. हवालदार मोदनसिंग सोबतीला आले आणि १९३६ मध्ये इथे एक छोटी खोली उभी राहिली. आताची पंचकोनी इमारत त्यानंतरची. स्थानिक लोक मात्र आधीपासून याला लोकपाल म्हणत. लक्ष्मणाचं देऊळ तळ्याकाठीच आहे.

लंगरमधली गरम खिचडी आणि चहा! त्या थंडीत दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे माझं मत निष्पक्ष नाही. डुबकी ऐच्छिक आहे, कोणी आग्रह करत नाही.

वर मुक्कामाची सोय नाही, दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली धाडतात. म्हणून घांघरिया पहाटे सोडा. तिथल्या गुरुद्वारात राहायची सोय आहे, पण पावसाळ्यात पांघरुणं दमट असतात. स्वतःची चादर न्या. जवळचीच व्हॅली ऑफ फ्लॉवर्सही केली, छान आहे. ब्रह्मकमळांसाठी ऑगस्ट गाठणार असाल तर बद्रीनाथ रस्त्यावर दरडी कोसळतात हे धरून चाला आणि परतीच्या रेल्वेआधी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा.